रविवारची बैठक: वाद घाला, पण बेतानं

मंडळी, येत्या रविवारी संध्याकाळी ५ वाजता टिळकवाडीत नेहमीच्या जागी जमायचं आहे. विषय तोच, अर्धवट राहिलेला: 'धूमधडाका' (१९८५) भारी की 'अशी ही बनवाबनवी' (१९८८)?

गेल्या खेपेला शहापूरकर आणि वडगावकर अशी जुंपली की बेळगावी कुंदा (खव्याची मिठाई) तसाच राहिला. यावेळी 'नक्कल' हा मुद्दा काढायचाच नाही. 'धूमधडाका' तमिळवरून आणि 'बनवाबनवी' १९६६च्या 'बीवी और मकान'वरून, म्हणजे फिटंफाट. 'उंबरठा' (१९८२)वाल्या दोघांनाही बोलू द्या. (माझ्या मते तेच बरोबर आहेत, पण ते असो.)

कुंदा कोण आणणार, शनिवारपर्यंत कळवा.