नवा भातवाण प्रसारित करण्याआधी: कृषिमंत्र्यांना खुले पत्र

माननीय कृषिमंत्री,

स.न.वि.वि.

कीडप्रतिकारक भातवाण प्रसारित झाला की बातमी होते, पैदासकारांचे सत्कार होतात. काही हंगामांनी तोच वाण तुडतुड्यांनी, म्हणजे रोपाचा रस शोषणाऱ्या बारीक किडीने, फस्त केला, तर त्याची दखल फार तर तालुक्याच्या पानावर. माझी तक्रार या दुसऱ्या टप्प्याबद्दल आहे.

१९७३ मध्ये फिलिपिन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने 'आयआर-२६' दिला. त्यात तपकिरी तुडतुड्यांना रोखणारे 'बीपीएच-१' हे जनुक होते. दोन-तीन वर्षांतच त्यालाही पुरून उरणारे तुडतुडे शेतात दिसू लागले. १९७६ मध्ये 'बीपीएच-२' असलेला 'आयआर-३६' आला. तो एके काळी कोटीभर हेक्टरांवर उभा होता. पुढे त्या जनुकाचीही तीच गत झाली, आणि १९८२ मध्ये 'बीपीएच-३' असलेला 'आयआर-५६' आणावा लागला. तुडतुड्यांची पिढी जेमतेम महिन्याभराची. एवढ्या मोठ्या क्षेत्रावर एकाच जनुकाचा पहारा ठेवला, तर त्यातून निसटणारे थोडे तुडतुडे निघतातच आणि पुढची पैदास त्यांचीच होते. म्हणूनच एकाच जनुकाच्या भरवशावर वाण प्रसारित करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे टाळण्याची साधने आज हाताशी आहेत. भाताचा जनुकीय आराखडा २००५ मध्येच पूर्ण झाला. तुडतुड्यांविरुद्धची चाळीसहून अधिक जनुके नोंदली गेली आहेत, त्यांतली कित्येक जुन्या देशी वाणांत आणि रानटी भातांत मिळाली. डीएनए मार्करच्या, म्हणजे हवे ते जनुक रोपात आले का हे दाखवणाऱ्या खुणेच्या, मदतीने दोन-तीन जनुके एका वाणात एकत्र आणता येतात. जनुक-संपादनाने तर आणखी वेगळी वाट उघडली आहे: भातात सेरोटोनिन तयार करणारे एक जनुक बंद केले की तुडतुडे आणि खोडकिडा दोघांनाही रोप मानवत नाही, असे २०१८ मध्ये दाखवले गेले.

खोडकिड्याची गोष्ट जरा वेगळी. गाभेमर (कोवळा गाभा वाळणे) आणि पळींज (पोकळ, पांढरी लोंबी) ही तिची लक्षणे शेतकऱ्याला पाठ आहेत, पण या किडीला पक्के रोखणारे जनुक भाताच्या उपलब्ध वाणांत आणि रानटी जातींत हाती लागलेले नाही. म्हणून बीटी भाताचा, म्हणजे किडीला मारणारे जिवाणूचे जनुक घातलेल्या भाताचा, मार्ग निघाला. चीनने २००९ मध्ये दोन बीटी भातांना जैवसुरक्षा प्रमाणपत्र दिले, व्यापारी लागवड मात्र होऊ दिली नाही. तसेही ते बीटी खोडकिड्यासारख्या अळ्यांसाठी. रस शोषणाऱ्या तुडतुड्यांना त्याने काही फरक पडत नाही. 'बीटी आणले की भाताच्या किडी संपल्या' असे कोणी सांगत असेल, तर आधी त्याला कीड कोणती ते विचारा.

महोदय, एकदा काचगृहात येऊन पाहा. ट्रेमध्ये रोपांच्या ओळी असतात, त्यात 'टीएन-१' हा हमखास बळी पडणारा वाण मुद्दाम लावलेला. तुडतुड्यांची पिल्ले सोडायची, टीएन-१ वाळेपर्यंत थांबायचे, मग बाकीच्या ओळींना ० (नुकसान नाही) ते ९ (रोपे मेली) असे गुण द्यायचे. दुसरी चाचणी मला अधिक आवडते. रोपाच्या बुडाशी ब्रोमोक्रेसॉल ग्रीन हे रंगद्रव्य लावलेला फिल्टर पेपर ठेवतात. तुडतुड्याने पोटभर अन्नरस ओढला की त्याचा चिकट स्राव कागदावर पडून निळा डाग उमटतो. चिवट, म्हणजे प्रतिकारक, वाणाखाली असे डाग फारच थोडे. शेताशेतांतून पकडून आणलेल्या तुडतुड्यांवर दरवर्षी हीच चाचणी केली, तर जनुक निकामी होऊ लागल्याची चाहूल पीक करपण्याआधी लागते. काम स्वस्त आहे, पण कंटाळवाणे. त्यातून शोधनिबंध निघत नाही, म्हणून त्याला ना पद मिळते ना पैसा.

फवारणीबद्दल थोडक्यात. तुडतुड्यांची अंडी पानाच्या आवरणात दडलेली असतात, औषध त्यांच्यापर्यंत नीट पोहोचत नाही. त्यांना खाणारे कोळी आणि मिरीड ढेकूण मात्र मरतात. हे ओळखून इंडोनेशियाने १९८६ मध्ये भातावरील ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली आणि पुढे त्यांवरचे अनुदानही काढले. आपल्या खात्याने चिवट वाण आणि अनुदानित औषध एकाच पिशवीत वाटू नये.

वाण प्रसारणाची पुढची फाइल सहीला येईल तेव्हा तीन गोष्टी मागवा: वाणात कोणती प्रतिकारक जनुके आहेत, ती किती आहेत, आणि प्रसारणानंतर शेतातले तुडतुडे दरवर्षी तपासण्याची जबाबदारी कोणाच्या नावावर आहे. तिसरा रकाना कोरा असेल तर फाइल परत पाठवा.

कळावे,

आपला,
भातकिडींवर काम करणारा एक कीटकशास्त्रज्ञ