नागपूरच्या महाल भागातल्या कापड दुकानाच्या काकांना

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार. पत्र हातात न देता सगळ्यांसमोर लिहिते आहे, कारण भरतीचा अभ्यास करणाऱ्या कितीतरी जणी आजही तिथंच अडकल्या आहेत, जिथं मी अडकले होते. एकक बदलताना गुणायचं की भागायचं?

शाळेत पाठ केलं होतं: मोठ्याकडून लहानाकडे जाताना गुणा, लहानाकडून मोठ्याकडे जाताना भागा. पण 'मोठं' म्हणजे आकडा की माप, हे कधी कुणी उलगडून सांगितलं नाही, आणि विचारायची माझी हिंमत झाली नाही. तलाठी भरतीच्या सरावात हेक्टर, गुंठे आले की मी अंदाजानं काहीतरी करायची.

त्या दुपारी तुमच्या दुकानाच्या पायरीवर वही उघडून बसले होते. तुम्ही कापड मोजता मोजता विचारलंत, "पोरी, बादली एकच आहे. लोट्यानं भरली तं किती लोटे लागतीन, अन् वाटीनं भरली तं?" वाट्या जास्त लागतील, म्हटलं. "मंग? माप लहान झालं का आकडा वाढन. पहिले वाढन का घटन ते लिही, मंग गुणाकार-भागाकाराचं पाय."

मग तुम्ही २० गजांचा तुकडा मीटरच्या पट्टीनं पुन्हा मोजायला लावलात. १८ मीटर आणि वर थोडं. गज ३६ इंचांचा, म्हणजे ०.९१४४ मीटर. मीटर लांब, म्हणून कमी वेळा बसला. मोजताना ते हाताला कळलं.

खरा धडा मात्र भावाचा होता. ९० रुपये गज, तर मीटरचा भाव काय? माप मोठं झालं, आकडा घटणार, असं धरून मी ८२ सांगितले. तुम्ही रागावला नाहीत. एवढंच विचारलंत, "कापड जास्त अन् पैसे कमी?" तेव्हा लक्षात आलं. तुकडा तोच ठेवून माप बदललं तर आकडा घटतो, पण भाव एका मापाचा असतो. माप मोठं झालं की त्यात कापड जास्त येतं, म्हणून भाव वाढतो. ९० भागिले ०.९१४४, म्हणजे ९८ रुपयांच्या वर. हे मला एकाही गाइडमध्ये इतकं स्वच्छ सापडलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मुद्दाम झिरो माइलला, म्हणजे नागपुरातल्या गावांची अंतरं कोरलेल्या जुन्या खांबापाशी गेले. खांबाच्या पायथ्याशी जबलपूर १७० मैल कोरलेलं आहे. किलोमीटर मैलापेक्षा लहान, म्हणून आधी वहीत 'वाढेल' लिहिलं, मग १.६०९ नं गुणलं. साधारण २७४ आले. चुकून भागलं असतं तर १०६ आले असते, आणि ते चूक आहे हे उत्तराकडे पाहूनच कळलं असतं.

काका, गिऱ्हाइकांच्या गर्दीत तुम्ही मला तेच तीनदा समजावलंत. "एवढंही येत नाही?" असं एकदाही म्हणाला नाहीत. ते वाक्य मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकलं होतं, की तुमच्या तोंडून ते आलं नाही, याचेच आभार सगळ्यात जास्त आहेत.

काल सरावाच्या पेपरात आलं: २ हेक्टर म्हणजे किती गुंठे? समासात मी आधी 'वाढेल' लिहिलं. उत्तर १९८ च्या जवळ आलं. वही घेऊन संध्याकाळी दुकानात येते.

तुमची,
वरच्या मजल्यावरची भाडेकरू