इंडोनेशिया व मलेशियाच्या लाकूड निर्यातीची तुलना: वाणिज्य मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. वाणिज्य व उद्योग मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय,

सविनय नमस्कार. कठीण लाकडाच्या आयातीचे धोरण ठरवताना निर्यातदार देशांच्या आकड्यांचा आधार घ्यावाच लागतो. माझी कळकळीची विनंती आहे की, इंडोनेशिया आणि मलेशिया यांची तुलना तरी केवळ चिरीव लाकडाच्या घनमीटरांवरून होऊ नये.

इंडोनेशियाने १९८० पासून ओंडक्यांची निर्यात टप्प्याटप्प्याने आवळत १९८५ मध्ये पूर्ण बंद केली. ओंडका देशातच राहावा आणि त्यावर प्लायवुडचे कारखाने चालावेत, हा त्यामागचा हेतू होता. तो इतका साधला की त्या दशकाच्या अखेरीस उष्णकटिबंधीय प्लायवुडच्या निर्यातीत हा देश जगात पहिला झाला. त्याच सुमारास चिरीव लाकडावर जबर निर्यात कर बसला आणि ती निर्यात कोसळली. नुसता हा आलेख पाहणाऱ्याला वाटेल की जंगलावरची कुऱ्हाड थांबली. प्रत्यक्षात मेरांटी या तेथील कठीण लाकडाच्या झाडाचे ओंडके आरागिरणीऐवजी प्लायवुडच्या कारखान्यात जात होते.

मलेशियाच्या बाबतीत तर संपूर्ण देशाचा एकच आकडा धरणे मुळातच चुकीचे आहे, कारण तेथे जंगल हा राज्यांचा विषय आहे. द्वीपकल्पीय मलेशियाने १९८५ मध्ये ओंडक्यांची निर्यात बंद केली. बोर्निओ बेटावरील साबा राज्याने १९९३ मध्ये बंदी घातली, काही वर्षांत ती सैल केली आणि २०१८ मध्ये पुन्हा लागू केली. त्याच बेटावरील सारावाक राज्यातून मात्र ओंडके जात राहिले, आणि त्यांचा सर्वांत मोठा ग्राहक अनेक वर्षे आपला देश होता. म्हणूनच या तुलनेकडे आपण त्रयस्थासारखे पाहू शकत नाही.

बोर्निओ बेटावर या दोन देशांची सीमा जंगलातून जाते. १९९८ नंतर इंडोनेशियातील बेकायदा तोड बेसुमार वाढली आणि तो माल सीमेपलीकडे जाऊ लागला. मधल्या काळात उठवलेली ओंडक्यांची निर्यातबंदी इंडोनेशियाने २००१ मध्ये पुन्हा घातली, तर मलेशियाने २००२ मध्ये तेथील ओंडक्यांची आयात बंद केली. एवढ्याने भागले नाही. चौकोनी तासलेल्या लाकडावरही पुढच्या वर्षी बंदी घालावी लागली. मेरांटीची फळी जवळून पाहिली, तर तांबूस रंग, भरड रंध्रे आणि कापलेल्या टोकावर राळेच्या बारीक पांढऱ्या रेघा दिसतात; ते झाड सीमेच्या कोणत्या बाजूला उभे होते, हे त्यावरून कळत नाही. त्या वर्षांतील मलेशियाच्या निर्यातीत शेजाऱ्याचे जंगल किती मिसळले होते, हे कोणताही रकाना सांगत नाही.

यासाठी ओंडके, चिरीव लाकूड व प्लायवुड यांचे आकडे मूळ ओंडक्याच्या घनफळात रूपांतरित करून मगच मांडावेत. एक घनमीटर चिरीव लाकडामागे जवळपास दोन घनमीटर ओंडका खर्ची पडतो. उरलेल्याचा भुसा व तुकडे होतात. सारावाक, साबा आणि द्वीपकल्प यांची नोंद स्वतंत्र ठेवावी. इंडोनेशिया नोव्हेंबर २०१६ पासून युरोपीय संघाकडे जाणाऱ्या लाकडासोबत कायदेशीरपणाचा परवाना देतो. भारतात येणाऱ्या मालासाठीही, तो दोहोंपैकी कोणत्याही देशाचा असो, तोडीच्या ठिकाणापर्यंत पोहोचणारा पुरावा आयातदाराकडून मागितला जावा, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक नागरिक