लॅटिन मूळ ओळखायचा खेळ सुरू करा ना

संपादक साहेब, नमस्कार,

शब्दकोड्याच्या शेजारी थोडी जागा काढून इंग्रजी शब्दांचं लॅटिन मूळ ओळखायचा खेळ सुरू कराल का, कारण यात जी मजा आहे ती पाठांतरात अजिबात नाही. शब्द द्यायचा, लोकांनी आधी अंदाज करायचा आणि मगच डिक्शनरी उघडायची, बस. मसल म्हणजे स्नायू, त्याचं मूळ मुस्कुलुस, म्हणजे छोटा उंदीर! कॅल्क्युलेटरच्या मुळाशी मोजायचा खडा आहे, आणि कँडिडेट म्हणजे पांढरे कपडे घातलेला, कारण रोममधे निवडणुकीला उभे राहणारे पांढराशुभ्र टोगा घालायचे.

खरी गंमत अंदाज चुकतो तिथे. पेन आणि पेन्सिल एकाच मुळातले वाटतात ना, पण पेन आलं पेन्ना म्हणजे पिसावरून आणि पेन्सिल आली छोट्या ब्रशच्या शब्दावरून, म्हणजे तिचं नातं निघतं थेट पेनिसिलिनशी, कारण ते औषध ज्या बुरशीपासून मिळतं तिचा आकार ब्रशसारखा!

आपल्याला तर जास्तच मजा, सप्टेंबर ते डिसेंबरमधले आकडे बघा, सेप्टेम, ऑक्टो, नोव्हेम, डेकेम, म्हणजे सप्त, अष्ट, नव, दश (रोमन वर्ष पूर्वी मार्चला सुरू व्हायचं). पण म्हणून लॅटिन संस्कृतातून आली असं नाही हं, दोघी बहिणी आहेत, हे उत्तरात स्पष्ट छापा प्लीज. आणि सॅलरीच्या मुळाशी मीठ आहे हे बरोबर, पण सैनिकांना पगारच मिठात मिळायचा याला पक्का पुरावा नाही, तेही लिहा.

आपली एक वाचक