ओटीत घातलेलं लेकरू

पुणे, १२ ऑगस्ट

प्रिय सखी,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलंस, "लेक घरात आली, आता तरी सुखात आहेस ना?" मी हो म्हणून मोकळी झाले. त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही, म्हणून हे पत्र.

धाकट्या जावेनं मुलगी माझ्या ओटीत घातली, एवढंच तुला ठाऊक आहे. ते ठरलं कसं, हे मी कधी सांगितलंच नाही. तिला सातवा महिना होता, पदरात आधीचे दोन मुलगे. सासूबाई म्हणाल्या, "थोरलीची कूस उजवली नाही, हिला तिसरं झेपायचं नाही. घरातलं लेकरू घरातच राहील." दीर मान हलवून बाहेर गेले. ती भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही, आणि आम्ही सगळ्यांनी तोच होकार धरला. मीसुद्धा. अकरा वर्षं वाट पाहिली होती गं मी.

सव्वा महिना झाला आणि दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात दत्तकपत्र नोंदवलं. त्यात ती 'लिहून देणार', मी 'लिहून घेणार'. 'स्वखुशीने, कोणाच्याही दबावाला बळी न पडता' हे वाक्य भराभर वाचून झालं. तेवढ्यात माझ्या मांडीवर बाळ रडलं आणि तिचा ब्लाउज ओला झाला. पदर ओढून घेत तिनं अंगठा टेकवला.

नंतर मी वकिलांना विचारलं. बाल कल्याण समितीकडे मूल सोपवणाऱ्या आईला फेरविचाराला दोन महिने मिळतात. आमचं दत्तक १९५६च्या हिंदू दत्तक कायद्यातलं, घरातल्या घरात. त्यात अशी मुदत नाही, आणि रीतसर झालेलं दत्तक मागाहून रद्दही होत नाही. खरं सांगते, ते ऐकून आधी मला हायसं वाटलं. मग स्वतःची लाज वाटली.

गेल्या महिन्यात गावी गेले तेव्हा स्वयंपाकघरात तिला एकटीला गाठून विचारलंच, "तुझ्या मनात होतं ना गं?"

"आता विचारताय होय, ताई?" एवढंच म्हणाली आणि चहा गाळायला वळली.

लेकीला सोडणं आता माझ्याच्यानं होणार नाही. माझं बोट मुठीत धरल्याशिवाय ती झोपत नाही. पण तिला कळायला लागलं की जन्म कुणी दिला हे मीच तिला सांगणार, घरचे काहीही म्हणोत.

गौरींना आम्ही सगळे गावी जमणार आहोत. सासूबाईंनी आत्ताच बजावलंय, "पोर तिच्या मांडीवर देऊ नकोस, लळा लागेल." मी देणार आहे. देताना माझे हात थरथरणार, हेही मला दिसतंय. रजा मिळाली तर तू चल ना माझ्याबरोबर, दोनच दिवस.

तुझीच,
मैत्रीण