मंत्रिमहोदय, बाटलीमागचे ते दोन रुपये कोणाच्या खिशात गेले?

मा. पर्यावरण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय: रिकाम्या बाटल्यांच्या गोण्या उचलून नेल्याबाबत व बाटलीपरतीच्या दराबाबत.
संदर्भ: आपल्याच खात्याची दि. २३ मार्च २०१८ ची प्लास्टिकबंदीची अधिसूचना.

महोदय,

सविनय नमस्कार. मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी, बायपासवरच्या लॉन्सवर रात्रपाळीचा वॉचमन आहे. ड्यूटी बारा तासांची, पगार एजन्सीमार्फत, हातात पडतात साडेनऊ हजार. लग्न उरकून वऱ्हाड गेलं की खुर्च्यांखाली, जेवणाच्या टेबलांवर, नवरदेवाच्या खोलीत आणि मागच्या पार्किंगमध्ये ज्या बाटल्या नि कॅन पडलेले असतात, ते मी गोळा करतो आणि भंगारात घालतो. मालकाची हरकत नाही, त्याचा सफाईचा खर्च वाचतो. त्या पैशांत आमचा गॅस आणि मंडळींची बीपी-शुगरची औषधं भागतात. चैन म्हणाल तर कधीतरी पावशेर मटण.

परवाच्या रविवारी उजाडता उजाडता दोन भरलेल्या गोण्या सायकलला बांधून निघालो होतो. चौकात पालिकेच्या पथकाने अडवलं. "एवढं प्लास्टिक कुठून आणलंस?" म्हटलं, लग्नातून. "बंदी आहे माहीत नाही? पाच हजार दंड." मी म्हटलं, साहेब, रिकाम्या बाटल्या आहेत, भंगारात चालल्यात. बराच वेळ हात जोडल्यावर दंड माफ झाला आणि गोण्या घंटागाडीत गेल्या. पावती मागितली तर म्हणाले, "कचऱ्याची कसली पावती?" म्हणजे दंडापुरता तो बंदीचा माल होता आणि पावतीपुरता कचरा. दुपारी मी सहज भंगारवाल्याकडे डोकावलो, तर माझी खताची गोणी, कोपऱ्याला लाल सुतळी असलेली, तिथल्या काट्याशेजारी रिकामी पडलेली. पैसे कोणी घेतले ते लिहीत नाही. पुरावा नाही, आणि मला नोकरी टिकवायची आहे.

आता संदर्भाकडे वळतो. २०१८ साली तेव्हाचे पर्यावरण मंत्री रामदास कदम यांच्या काळात आपल्या खात्याने प्लास्टिकबंदी आणली. पहिल्या वेळी पाच हजार, दुसऱ्या वेळी दहा हजार, तिसऱ्या वेळी पंचवीस हजार आणि तीन महिने कैद. हे सगळ्या महाराष्ट्राला पाठ झालं. त्याच अधिसूचनेत आणखी एक गोष्ट होती, ती कोणाला पाठ नाही. पाण्याच्या बाटल्यांवर सरसकट बंदी नव्हती. बाटलीवर परतीची किंमत छापायची, एक लिटर आणि त्याहून मोठ्या बाटलीला एक रुपया, लहान बाटलीला दोन रुपये, आणि कंपन्यांनी व विक्रेत्यांनी तीन महिन्यांत ती परत घेण्याची सोय करायची, असं ठरलं होतं. काही दिवस बाटल्यांवर ती किंमत छापून आलेली मी या डोळ्यांनी पाहिली आहे. तशी एक बाटली घेऊन किराणा दुकानात गेलो, तर दुकानदार माझ्याकडे असा बघायला लागला की मीच त्याच्याकडे उधारी मागतोय. पाण्याच्या एजन्सीवाल्याकडे गेलो, तो म्हणाला कंपनीला विचारा. कंपनीचा नंबर बाटलीवर होता, लावला, एका बाईंनी हिंदीत सांगितलं की आपका कॉल हमारे लिए महत्त्वपूर्ण है.

तुमचा दर आणि माझा दर यांचा हिशेब एकदा मांडू द्या. लिटरच्या बाटल्या किलोला साधारण पन्नास बसतात. सरकारी दराने झाले पन्नास रुपये. लग्नात हल्ली पाव लिटरवाल्या बाटल्या वाटतात, त्या तर किलोला ऐंशी-शंभर होतात. सरकारी दराने एकशे साठ ते दोनशे रुपये. आणि भंगारवाला मला देतो किलोला अठरा ते बावीस. पावसाळ्यात त्याहून कमी. त्यातही आत घोटभर पाणी राहिलं असेल तर वजन कापतो, टोपण आणि लेबल काढलं नसेल तर कापतो, गोणीचं म्हणून वेगळं कापतो. रात्री दोन वाजता बसून मी एकेक टोपण फिरवतो. अर्ध्या बाटल्या न उघडता टाकलेल्या, बाकीच्या निम्म्या प्यालेल्या. त्यातलं पाणी मी कुंपणाच्या कडुनिंबांना घालतो. आमच्या गल्लीत उन्हाळ्यात आठ दिवसांनी टँकर येतो, हे आपल्या माहितीसाठी. विषय पाणीपुरवठा खात्याचा आहे, आपला नाही, हे मला माहीत आहे.

मग ती परतीची रक्कम कुठे जाते? २०११ च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती. माणशी वर्षाला फक्त दहा लहान बाटल्या धरा, म्हणजे ११२ कोटी बाटल्या. दोन रुपयांनी सव्वादोनशे कोटी. आकडा माझा, अंदाज माझा, चूक असेल तर आपल्या खात्यात हिशेबनीस बसलेले आहेत, त्यांनी दुरुस्त करून पाठवावा. दुरुस्त करून पाठवला तरी मला आनंदच होईल. निदान कोणीतरी हिशेब केला हे कळेल.

आपल्याला वाटेल, हा वॉचमन अधिसूचना कशी काय वाचतो. मी आधी छापखान्यात होतो. कंपोझिंग केलं, मग प्रूफं तपासली, लग्नपत्रिकांपासून ग्रामपंचायतीच्या अहवालांपर्यंत सगळं हाताखालून गेलं. छापखाना बंद पडला तो फ्लेक्समुळे. वाढदिवस, निवड, अभिनंदन, भावपूर्ण श्रद्धांजली, सगळं फ्लेक्सवर गेलं. आणि फ्लेक्स म्हणजे काय? प्लास्टिकच की साहेब. माझी गोणी चौकात अडवली, त्या चौकात त्या वेळी वीस फुटी फ्लेक्स होता. त्यावर मध्यभागी एक मोठे नेते, खाली वर्तुळांत त्यांचे पंधरा कार्यकर्ते, आणि पथक त्याच्या सावलीत उभं होतं. त्यावर कारवाई करायला पथकाला बहुधा शिडी मिळाली नसावी. मी मात्र असल्या फ्लेक्सचा उपयोग करतो. पावसात गोण्या झाकायला निवडणुकीनंतरच्या फ्लेक्ससारखं काही नाही.

गेल्या हंगामात बियरच्या फुटक्या बाटलीने माझा तळवा चिरला. पार्किंगमधल्या अंधारात हात घातला आणि गोणी ओली लागायला लागली तेव्हा कळलं. सरकारी दवाखान्यात धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं, टाके पडले, डॉक्टरांनी हातमोजे वापरा म्हणून सांगितलं. एजन्सीला हातमोजे मागितले तर म्हणाले, वॉचमनला कशाला. त्या आठवड्याची ड्यूटी कापली. दारूच्या बाटल्यांचं तर आपल्या राज्यात कोणी नावच काढत नाही. तामिळनाडूत नीलगिरीच्या जंगलात फुटक्या बाटल्यांनी हत्तींच्या पायांना जखमा व्हायला लागल्या, तेव्हा मद्रास उच्च न्यायालयाने लक्ष घातलं आणि सरकारी दारूदुकानांत रिकामी बाटली परत आणली की दहा रुपये मिळायला लागले. हत्तींचं भलं झालं याचा मला मनापासून आनंद आहे. आपल्याकडे सह्याद्रीत हत्ती कमी, हीच आमची पंचाईत. केरळने २०२५ साली दोन जिल्ह्यांत दारूच्या बाटलीमागे वीस रुपये अनामत सुरू केली. शेजारच्या गोव्याने २०२४ मध्ये अनामत-परताव्याच्या योजनेची अधिसूचना काढली. जर्मनीत २००३ पासून एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटलीला आणि कॅनला पंचवीस सेंट आहेत, म्हणजे आपले वीस-पंचवीस रुपये. तिथे म्हातारी पेन्शनर माणसं स्टेशनांवर बाटल्या वेचतात आणि दुकानातल्या यंत्रात टाकून पैसे घेतात. तिथेही म्हाताऱ्या माणसावर ही वेळ येते याचं वाईट वाटतं, पण त्याच्या हातात निदान दर तरी पडतो. जर्मनी लांब आहे असं म्हणाल. केरळ किती लांब आहे?

यंत्र आमच्याकडेही आलं होतं. बसस्टँडवर उभं केलं, फीत कापली, फोटो निघाले. बाटली टाका, कूपन घ्या. कूपन कुठे चालतं ते लिहिलेलं नव्हतं. आता त्याच्यावर क्लासेसच्या जाहिराती चिकटवल्यात. पुण्याचा मात्र मला हेवा वाटतो. तिथे १९९३ साली डॉ. बाबा आढाव आणि त्यांच्या साथींनी कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी केली, वेचणाऱ्या बायकांना पालिकेने मान्य केलेली ओळखपत्रं मिळाली, पुढे 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था झाली. ते कार्ड गळ्यात असलं की पोलीस 'ए' म्हणून हाक मारत नाही. पंचायत उभी राहिली ती बाबांनी आणि त्या बायकांनी रस्त्यावर उतरून, कोण्या मंत्र्याने फ्लेक्स लावून नाही. तालुक्याच्या गावी काय आहे? माझ्यासारखा अधूनमधून वेचणारा तर कोणत्याच रजिस्टरमध्ये बसत नाही. वॉचमन म्हणून एजन्सीचा, वेचक म्हणून कोणाचाच नाही.

आणि लोक! एका लग्नात बायकोकडचे पाहुणे आले होते. खुर्च्यांखाली वाकलेलो असताना त्यांनी ओळखलं. पुढच्या आठवड्यात मेव्हण्याचा फोन, "दाजी, तुम्ही आपल्या लोकांत असून हे काम करता?" आपल्या लोकांत म्हणजे काय, हे त्यालाही माहीत आहे आणि मलाही. म्हणजे हे काम करायला देवाने वेगळी माणसं नेमलेली आहेत, असं त्याचं म्हणणं. ज्या बायका पिढ्यान्‌पिढ्या उकिरड्यावर वाकतात त्यांना कोणी असा फोन करत नाही, त्यांचं वाकणं सगळ्यांना पटलेलं आहे. मी फोन ठेवून दिला. बायको चार दिवस बोलली नाही. तिच्या औषधाची गोळी मात्र त्याच पैशांची होती.

आपल्या खात्याकडे नियमांची काही कमी नाही. केंद्राने २०१६ साली प्लास्टिक कचऱ्याचे नियम केले. २०२२ मध्ये कंपन्यांच्या विस्तारित जबाबदारीची मार्गदर्शक तत्त्वं आली. कंपनी बाटल्या विकणार आणि तेवढा प्लास्टिक कचरा गोळा करून प्रक्रिया झाल्याची प्रमाणपत्रं दाखवणार. ही प्रमाणपत्रं विकत मिळतात. २०२३ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानेच गुजरात, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या चार कारखान्यांची तपासणी केली, तर सहा लाखांच्या आसपास प्रमाणपत्रं बनावट निघाली. सहा लाख! मला दोन गोण्यांची पावती मिळत नाही, आणि तिथे न वेचलेल्या कचऱ्याची पावती लाखांनी छापली जाते. छापखाना बंद पडायला नको होता माझा. वरून २०२१ मध्ये प्लास्टिक भंगारावरचा जीएसटी पाचवरून अठरा टक्क्यांवर नेला. माल घेणारा मोठा व्यापारी तो भार कोणावर टाकतो? आमच्या काट्यावर टाकतो. मला कोणी विचारलं नाही, मी जीएसटी परिषदेत बसत नाही.

किमान वेतनाचं सांगायला गेलो तर कामगार खातं. दवाखान्याचं सांगायला गेलो तर आरोग्य खातं. टँकर म्हणजे पाणीपुरवठा, जप्ती म्हणजे नगरविकास, जीएसटी म्हणजे दिल्ली. बाटली एकच असते साहेब, ती उचलायला एक माणूस पुरतो, पण तिच्याबद्दल तक्रार करायची तर सहा मंत्र्यांना पत्र लिहावं लागतं. मी तुम्हालाच लिहितोय कारण दोन रुपये तुमच्या खात्याने जाहीर केले होते.

मागणं फार नाही. रिकाम्या बाटल्या आणि कॅन भंगारात नेणं हा गुन्हा नाही, असं एका ओळीचं पत्र प्रत्येक नगरपरिषदेला पाठवा. जप्त केलं तर पावती द्यायला सांगा, वजनासकट. आणि परतीचा दर खरोखर द्यायचा असेल तर बाटली विकणाऱ्या दुकानातच परत घ्यायची सक्ती करा. द्यायचा नसेल तर तो रद्द केल्याचं स्पष्ट जाहीर करा, म्हणजे मी लोकांशी वाद घालणं थांबवीन.

जाता जाता एक. पुढच्या महिन्यात आमच्या लॉन्सवर आपल्या पक्षाचा कार्यकर्ता मेळावा ठरला आहे. मॅनेजरने सांगितलं की चार हजार माणसं, पाणी पाव लिटरच्या बाटल्यांतलं, तेही माणशी दोन. म्हणजे आठ हजार बाटल्या, आपल्या खात्याच्या दराने सोळा हजार रुपये, माझ्या दीड महिन्याच्या पगाराहून जास्त. तो परतावा आयोजक देणार, पाण्याची एजन्सी देणार की आपण स्वतः देणार, एवढं मेळाव्याच्या आधी कळवावं. मी त्या रात्री ड्यूटीवर आहे.

आपला,
लॉन्सचा रात्रपाळीचा वॉचमन