मेरेवरून नको, चिखलातून चाला

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

परवा आपल्या दैनिकात पन्हाळा ते पावनखिंड मोहिमेचा फोटो आला होता. हिरव्यागार भातखाचरांतून लाल-पिवळ्या रेनकोटांची लांबलचक रांग आणि मागे धुकं. आमच्या कारखान्यात एकाने तो कापून कांड्यांच्या पेटीवर चिकटवलाय. फोटो देखणा आहे, प्रश्नच नाही. पण जरा जवळ जाऊन बघा, त्या रांगेतला एकही माणूस पायवाटेवर नाही. सगळे मेरेवर, म्हणजे खाचरांच्या बांधावर आहेत. त्याच आठवड्यात मीही त्या वाटेनं गेलो आणि मीही मेरेवरूनच चाललो, म्हणून हे पत्र.

मी इचलकरंजीत यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा आहे. वय 54. उभं आयुष्य मागांच्या खडखडाटात गेलं. चालणं म्हणजे घर ते कारखाना. यंदा पोरानं परस्पर माझं नाव नोंदवलं आणि 'पप्पा, दोन दिवस मोबाईलला रेंज नसते, मालकाचा फोन येणार नाही' असं आमिष दाखवलं. गेलो.

सकाळी पुसाटी बुरुजाजवळून उतरायला लागलो तेव्हाच झड सुरू झाली होती, ती संध्याकाळपर्यंत उघडली नाही. म्हाळुंग्याच्या पुढं मसाई पठारावर तर धुक्यात पुढच्या माणसाची फक्त पिशवी दिसत होती. वाऱ्यानं माझी छत्री उलटी झाली आणि दहा मिनिटांत तिच्या काड्या माझ्या हातात राहिल्या. (छत्री नेऊ नका असं पोरगं सांगत होतं, हे इथं कबूल करतो.) पठारावर जांभा आणि गवत. तिथं कसंही चाला, कुणाचं काही जात नाही. कुंभारवाडी, खोतवाडी मागं पडली, वाट खाली उतरत गेली आणि मग शेतं लागली.

इतिहास आपल्या वाचकांना मी सांगायला नको. 1660 च्या आषाढी पौर्णिमेच्या रात्री महाराज याच मुलखातून विशाळगडाकडं निघाले आणि घोडखिंडीत बाजीप्रभू उभे राहिले. म्हणून मोहिमा जुलैतच निघतात. आणि भाताची रोप लागणही जुलैतच असते. ही गाठ सुटायची नाही. आम्हाला त्याच वाटेला दोन दिवस, चार वेळचं जेवण आणि गुडघ्याच्या गोळ्या लागल्या ते सोडा.

तर झालं असं. दोन खाचरांच्या मधली पायवाट पोटरीभर चिखलाची झाली होती. पुढचे शंभरेक लोक बाजूच्या मेरेवर चढले होते, म्हणून मीही चढलो. पायात पोरानं घेऊन दिलेले नवे बूट. खरं तर ते सकाळी पहिल्याच ओढ्यात आत-बाहेर भिजलेले होते. पाऊल टाकलं की पचक-पचक वाजत होते. तरी चिखल नको वाटत होता. माणसाचं असंच असतं. वीसएक पावलं गेलो असेन, डावा पाय सरकला आणि हातभर मेर माझ्यासकट खालच्या खाचरात गेली.

खाचरात बायका लागण करत होत्या. डोक्यावर प्लास्टिकच्या खोळी, हातात तरव्याच्या, म्हणजे भाताच्या रोपांच्या पेंढ्या. त्यातली एक वयस्कर बाई ताठ झाली आणि म्हणाली, "अवं पावणं, चिखलातनं जायाला काय पायाला म्येंदी लावलीया व्हय?"

माझं आजोळ गगनबावडा तालुक्यातलं. लहानपणी दर मे महिन्यात आणि एखाद्या वर्षी जुलैतही मी तिथं असायचो. चिखलगुठ्ठा (लागणीआधी खाचरातली माती पाण्यात कालवणं) केलेला, मामाच्या मागून तरवा टाकलेला. मेरेवर पाय ठेवला म्हणून आजीच्या हातची खाल्लेली आहे. म्हणजे मला ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोयच नव्हती.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. भाताची मेर म्हणजे नुसती हद्द नव्हे, पाणी अडवणारी भिंत आहे. लागणीच्या आधी दरवर्षी तिला ओला चिखल थापून लिंपतात. वरून गवत दिसतं म्हणून ती घट्ट वाटते, पण पावसात आतून लोण्यासारखी असते. एकटा माणूस अलगद गेला तर सोसते. दोनशे जण बुटांच्या टाचा दाबत गेले की कड सुटते. वरच्या खाचराचं पाणी खालच्यात धावतं, जाताना चिखलणीचा मऊ गाळ नेतं आणि चार दिवसांपूर्वी लावलेलं, अजून मुळी न धरलेलं रोप उचलून तरंगवतं. उतारावरची शेती असली तर खालच्या मेरेवर भार येतो आणि तीही फुटते. कुणी मुद्दाम केलेलं नसतं, त्यामुळे भरपाई मागायची कुणाकडं?

मी आणि पोरगं थांबलो. त्या बाईंनी कुठला दगड कुठं ठेवायचा ते सांगितलं, आम्ही गवतासकट ढेकळं उपटून आणली, वरून हातानं चिखल थापला, त्यांनी पायानं दाबून घेतला. अर्धा तास गेला. तेवढ्या वेळात आमच्या मागून आणखी माणसं आली आणि आम्ही लिंपत होतो त्याच्याच पुढच्या तुकड्यावरून गेली. एक जण थांबला, आमचा फोटो काढला, 'ग्रेट काका' म्हणाला आणि मेरेवरूनच पुढं गेला.

मोहीम नेणाऱ्या मंडळींबद्दल तक्रार नाही, माणसं जीव लावून करतात. मुक्कामाला गरम आमटी-भात मिळाला, एकाचा पाय मुरगळला तर दोघांनी त्याला आळीपाळीनं पाठीवर घेतला. पण आम्हाला दिलेल्या कागदावर बॅटरी, जादा मोजे, जळवांसाठी मीठ, सुका मेवा असं सगळं होतं. मेरेबद्दल एक ओळ नव्हती. पन्हाळ्यावर घोषणा द्यायच्या आधी दोन मिनिटं हे सांगायला काय हरकत आहे? शेतं लागतात तिथं मेरेपाशी एक कार्यकर्ता उभा करावा, लोकांना चिखलात उतरवावं. बूट बरबटतील. पुढच्या ओढ्यात धुतले जातात, तेवढ्यासाठी ओढे भरपूर आहेत. आणि आपल्यालाही विनंती, पुढच्या वर्षी फोटो निवडताना लोक चिखलातून चाललेले असतील असा निवडा.

निघताना मी त्या बाईंना पैसे देऊ केले. त्यांनी घेतले नाहीत. म्हणाल्या, "पैसं ऱ्हाऊ द्या. लागणीला माणूस मिळंना झालंय. फुडल्या साली दोन दिस आदी येतासा का?"

पोरानं हो म्हणून टाकलंय. मालकाकडं रजा मात्र मला मागायची आहे.

आपला वाचक,
एक जॉबर, इचलकरंजी